कोऽहं विचारणारे यंत्र

दोन वर्षांपूर्वी पुण्याच्या जुन्या बाजारात एका रविवारी मला करड्या रंगाचा एक जडशीळ मॉनिटर दिसला. विकणाऱ्याच्या लेखी तो बिघडलेला टीव्ही होता आणि त्याचा डोळा आतल्या तांब्यावर होता. मी तो फिरवून पाहिला. पाठीमागे कीबोर्डची खाच, शेजारी पंधरा टाचण्यांची इथरनेटची खाच. टीव्हीला इथरनेट नसते. तो सन मायक्रोसिस्टिम्सचा स्पार्कस्टेशन एसएलसी होता : मे १९९० मध्ये ४,९९५ डॉलरला बाजारात आलेला, वीस मेगाहर्ट्झचा युनिक्स संगणक. अख्खा संगणक मॉनिटरच्या पाठीत बसवलेला, आणि हार्ड डिस्कसाठी आत जागाच नाही. असल्या दहा यंत्रांच्या संगतीत माझी विशीतली अडीच वर्षे गेली होती, म्हणून घासाघीस न करता मी तो उचलला. रिक्षावाल्याने मात्र केली.

घरी वीज दिल्यावर पडदा उजळला, हेच नवल. पण पहिलीच ओळ तक्रारीची : ओळख साठवणाऱ्या चिपमधला मजकूर अवैध आहे. इथरनेट पत्त्याच्या जागी सहा वेळा ‘एफएफ’, म्हणजे शुद्ध कोरेपण. त्या चिपच्या पोटात एक बॅटरी असते. ती साधारण दहा वर्षे टिकते, आणि ती गेली की यंत्र आपला क्रमांक विसरते. या जातीच्या यंत्राजवळ स्वतःचे म्हणून जपलेले जवळजवळ तेवढेच असते, हे ज्याला ठाऊक आहे त्याला ही ओळ वाचताना जरा चुटपुट लागते.

मराठी घरात लहानपणी ऐकलेली एक समजूत अशी, की जन्मलेले मूल पहिला टाहो फोडते तो ‘कोऽहं’ असा. डिस्क नसलेला संगणक सुरू होतो तेव्हा तो अक्षरशः हाच प्रश्न विचारतो. सनच्या ज्या सेवेला तो हा प्रश्न करतो, त्यातल्या विनंतीचे नावच ‘हू अ‍ॅम आय’ आहे. हे कोणी विनोदाने ठेवलेले नाव नव्हे. यंत्राची अडचणच ती होती.

आता मुळाशी जाऊ. संगणक सुरू होणे याला ‘बूट’ म्हणतात, ते बुटाच्या मागच्या पट्टीवरून : स्वतःच्या बुटाच्या पट्ट्या ओढून स्वतःलाच वर उचलायचे. शांकरभाष्यात याचा उलटा दाखला येतो, की नट कितीही तरबेज असला तरी तो स्वतःच्याच खांद्यावर चढू शकत नाही. मला तो दाखला जास्त खरा वाटतो. संगणक स्वतःला उचलत नाहीच. एका चिपमध्ये कायमचा कोरलेला छोटा कार्यक्रम डिस्कवरून मोठा कार्यक्रम आणतो आणि तो त्याहून मोठ्याला. कोणीतरी आधी उभा असावाच लागतो. मग डिस्कच नसेल तर खांदा कुणाचा?

उत्तर अर्थातच तारेच्या दुसऱ्या टोकाला होते. झेरॉक्सच्या पालो अल्टो संशोधन केंद्रात १९७३ मध्ये अल्टो हा संगणक तयार झाला, आणि त्याच वर्षी बॉब मेटकाफ यांनी इथरनेटची कल्पना टिपणात मांडली. डेव्हिड बॉग्ज यांच्यासह त्यांनी ते जाळे उभे केले. अल्टोला अडीच मेगाबाइटची, काढता-घालता येणारी तबकडी होती. पण काही ठरावीक कळा दाबून धरून सुरुवातीचे बटण दाबले, की तो तबकडीऐवजी तारेवरून कार्यक्रम मागवू शके. म्हणजे युक्ती जुनीच. अल्टोला ती सोय होती. पुढच्या पिढीच्या स्वस्त यंत्रांना तिच्यावाचून गत्यंतर उरले नाही.

सन कंपनी फेब्रुवारी १९८२ ची. नावातली अक्षरे स्टॅनफर्ड युनिव्हर्सिटी नेटवर्क या शब्दांची. अँडी बेख्टोल्सहाईम यांनी त्या विद्यापीठात केलेल्या यंत्रावर ती उभी राहिली. विनोद खोसला, स्कॉट मॅकनीली आणि पाठोपाठ आलेले बिल जॉय हे बाकीचे तिघे. खोसला यांचा जन्म १९५५ चा, पुण्यातला. आपल्याकडे हे सांगताना छाती जरा पुढे येते. पण त्यांचे वाढणे-शिकणे दिल्लीचे, तेव्हा पुण्याने फार हक्क सांगू नये.

डिस्क गाळण्याचे कारण तत्त्वज्ञानाचे नव्हते, पैशाचे होते. त्या काळच्या सर्व्हरला लावली जाणारी फुजित्सु ईगल ही डिस्क घ्या. साडेदहा इंची तबकड्या, क्षमता ४७४ मेगाबाइट, आणि वजन असे की एकट्याने उचलू नये. ती महागही होती. मात्र एकेका मेगाबाइटचा भाव काढला तर प्रत्येक टेबलावर लहान डिस्क ठेवण्यापेक्षा एक ईगल घेऊन वीस जणांत वाटणे परवडे. शिवाय लहान डिस्क मंद असत, घरघरत, तापत. म्हणून सन-२/५० आणि पुढे सन-३/५० ही यंत्रे डिस्कविना विकली गेली. सन-३/५० मध्ये स्मृती चार मेगाबाइट, तीही बोर्डावर डागलेली.

याच सुमारास स्टॅनफर्डमध्ये डेव्हिड चेरिटन आणि विली झ्वानेपूल यांनी १९८३ च्या निबंधात दाखवले, की डिस्कविना यंत्रांना दूरची फाईल वापरण्यासाठी खास वेगळी यंत्रणा लागत नाही. कार्यक्रमांमधली संदेशांची नेहमीची देवाणघेवाण पुरेशी वेगवान करता येते. पुढे बर्कलीच्या स्प्राइट प्रकल्पाने १९८८ मध्ये मोजून सांगितले, की यंत्राच्या स्मृतीत फाईलींचा साठा शहाणपणाने ठेवला तर डिस्क नसलेले यंत्र डिस्कवाल्याच्या मागे पडते ते फार तर बारा टक्के. ‘डिस्क नाही म्हणजे गरिबाचे यंत्र’ ही समजूत आमच्या प्रयोगशाळेतही होती. हे आकडे मला तेव्हा माहीत असते तर काही वाद मी जिंकलो असतो.

पण यंत्र सुरू कसे व्हायचे? चिपमध्ये कोरलेल्या कार्यक्रमाला एवढेच ठाऊक : मी अमुक इथरनेट क्रमांकाचा. तो अठ्ठेचाळीस बिटांचा क्रमांक कारखान्यातून येतो. सनच्या यंत्रांचे पहिले तीन आकडे शून्य-आठ, शून्य-शून्य, वीस. पुढचे तीन ज्याचे त्याचे. हा झाला जन्मखुणेसारखा प्रकार. व्यवहारात मात्र आयपी पत्ता लागतो, आणि तो संस्था ठरवते. आयपी माहीत असून इथरनेट क्रमांक शोधण्याची सोय १९८२ च्या नोव्हेंबरात मानकात आली होती. स्टॅनफर्डच्याच रॉस फिनलेसन, टिमथी मान, जेफ्री मोगल आणि मार्विन थीमर यांनी जून १९८४ मध्ये ती उलटी केली. माझा क्रमांक हा, माझा पत्ता कोणी सांगेल का? तिचे नाव रार्प. मोजक्या पानांचा दस्तऐवज आहे, मी तो कित्येकदा वाचला आहे. त्यात एकही शब्द मिरवण्यासाठी लिहिलेला नाही.

रार्पची हाळी तारेवरच्या सगळ्यांना ऐकू जाते. ज्याच्या यादीत तो क्रमांक असेल तो उत्तर देतो. समजा उत्तर आले १९२.९.२००.५. आता यंत्र हा पत्ता सोळाच्या पटीतल्या अंकांत लिहिते : १९२ चे सी०, ९ चे ०९, २०० चे सी८, ५ चे ०५. ‘सी००९सी८०५’ हे झाले त्याला हव्या असलेल्या फाईलचे नाव. एसएलसीच्या जातीसाठी त्यापुढे ठिपका देऊन ‘सन४सी’ असे शेपूट. ही फाईल आणण्याचे काम टीएफटीपी या नियमावलीचे. कॅरन सॉलिन्स यांनी लिहिलेला तिचा १९८१ चा मसुदा प्रसिद्ध आहे. तिच्यात परवलीचा शब्द नाही, फाईलींची यादी पाहायची सोय नाही. ५१२ बाइटचा एक घास पाठवायचा, पोच आली की पुढचा. शेवटचा घास ५१२ पेक्षा लहान आला की समजायचे, संपले. लाख बाइटची फाईल म्हणजे सुमारे दोनशे फेऱ्या. ती इतकी साधी, कारण तिला चिपमधल्या मूठभर जागेत मावायचे होते.

साधेपणातही खोड निघालीच. एखादी पोच वाटेत रेंगाळली आणि पाठवणाऱ्याने घास पुन्हा पाठवला, तर दोन पोचा येत, मग पुढचे घास दोनदा जात, त्यांच्या पुन्हा दोन-दोन पोचा, आणि अखेरपर्यंत सारे दुप्पट. गटेच्या कवितेतल्या जादूगाराच्या शिकाऊ चेल्यावरून या दोषाला नाव पडले. झाडूला पाणी भरायला लावणारा मंत्र चेल्याला येतो, थांबवायचा येत नाही. १९८९ च्या मानकाने तो दोष दूर केला.

फाईल येऊन चालू लागली की ती दुसरी हाळी देते, तीच ‘मी कोण?’ची. उत्तरात यंत्राचे नाव मिळते, आणि मग ‘माझे मूळ कुठे आहे’ या प्रश्नाला सर्व्हरवरच्या एका फोल्डरचा मार्ग. ते फोल्डर जोडून घेतले की तिथून युनिक्सचे केंद्र उचलायचे. स्मृती कमी पडल्यावर लागणारी अदलाबदलीची जागासुद्धा सर्व्हरवरच. आमच्या सर्व्हरचे नाव ‘सह्याद्री’ होते. दहा यंत्रांना नद्यांची नावे होती : मुठा, मुळा, भीमा, नीरा, इंद्रायणी वगैरे. ही नावे ठेवणारे सर हिंदीभाषक होते. त्यांनी नकाशा पुढे घेऊन ती निवडली होती.

इथे एक बारीक पण गंभीर गोष्ट आहे. या साऱ्या प्रश्नांना उत्तर कोण देतो हे तपासण्याची यंत्राला सोय नाही. जो आधी बोलेल तो खरा. एकदा एका विद्यार्थ्याने शिकण्याच्या उत्साहात आपल्या यंत्रावर तीच सेवा सुरू केली, आणि सकाळी ‘नीरा’ स्वतःला ‘भीमा’ समजून उठली. दोन भीमा झाल्याने दोन्ही अडखळू लागल्या. कारण सापडायला दुपार झाली.

फाईली वाटण्याचे काम एनएफएसचे. सनने १९८५ मध्ये ते बाजारात आणले आणि त्याची नियमावली खुली केली. त्याआधी सर्व्हरच्या डिस्कचे तुकडे पाडून एकेका यंत्राला एकेक तुकडा देण्याची ‘एनडी’ नावाची जुनी रीत होती. १९८८ च्या सनओएस ४.० ने ती मोडीत काढली आणि मूळ फोल्डरापासून अदलाबदलीपर्यंत सारे एनएफएसवर आणले. त्याच्या रचनेतला कळीचा निर्णय असा, की सर्व्हरने ग्राहकाबद्दल काहीही लक्षात ठेवायचे नाही. कोणती फाईल कोणी उघडली, कुठपर्यंत वाचली, याची नोंद नाही. प्रत्येक मागणीत सगळे पुन्हा सांगायचे : अमुक फाईल, अमुक ठिकाणापासून, इतके बाइट. उत्तर नाही आले तर तीच मागणी पुन्हा, आणि पुन्हा.

याचा अर्थ मला कळला तो वाचून नव्हे. त्या काळी पातळ कोअ‍ॅक्सची एकच तार सगळ्या टेबलांमागून फिरे आणि तिच्या दोन्ही टोकांना पन्नास ओहमचे टोपण असे. एका दुपारी झाडताना एक टेबल सरकले आणि टोकाचे टोपण निघाले. सगळे जाळे एका क्षणात मुके. दहाही पडद्यांवर एकच ओळ : सर्व्हर उत्तर देत नाही, प्रयत्न चालू आहे. कोणी अर्धा शब्द टाइप केला होता, कोणाचा कार्यक्रम संकलित होत होता. टोपण शोधायला वीस मिनिटे लागली. ते टेबलाखाली धुळीत पडले होते. बसवले, आणि काही सेकंदांत दहाही पडद्यांवर दुसरी ओळ उमटली, सर्व्हर ठीक. अर्धे शब्द पुरे झाले. संकलन जिथे थांबले होते तिथून पुढे सरकले. कोणाचे एक अक्षर गेले नाही. सर्व्हर विसराळू होता म्हणूनच त्याला काही आठवायचे राहिले नव्हते.

ही बाजू सांगितली तर दुसरीही सांगायला हवी. पुढच्या वर्षी मार्चमध्ये ‘सह्याद्री’ची डिस्क गेली. तार गेली तर वाट पाहता येते, तबकडीच खरवडली गेली तर कशाची वाट पाहणार? दहा नद्या तीन दिवस तीच ओळ दाखवत उभ्या होत्या. दर शनिवारी राखीव टेप काढण्याचे काम माझ्याकडे होते आणि मी ते चुकवले नव्हते. पण काढलेली टेप परत वाचून पाहायची असते, हे मला कोणी सांगितले नव्हते आणि मलाही सुचले नाही. तीनपैकी दोन टेपा वाचता आल्या नाहीत. तिसरी चार महिन्यांपूर्वीची होती. संशोधन करणाऱ्या एका मुलीचे त्या चार महिन्यांचे काम गेले. ती मला काही बोलली नाही. मे महिन्यात तिने नाव काढून घेतले. संस्थेने चौकशीत दोष यंत्राच्या मांडणीवर ठेवला, ‘सगळे एका ठिकाणी ठेवल्यामुळे’ असा. तो अहवाल मला सोयीचा होता आणि मी गप्प बसलो. आज लिहितो आहे, की दोष मांडणीचा निम्मा असेल, उरलेला माझा होता.

लेस्ली लॅम्पोर्ट यांनी मे १९८७ मध्ये सहकाऱ्यांना पाठवलेल्या एका पत्रात विखुरलेल्या संगणकव्यवस्थेची थट्टेने व्याख्या केली होती : जो संगणक अस्तित्वात आहे हेही तुम्हाला माहीत नाही, तो बिघडला की तुमचा संगणक निकामी होतो, ती ही व्यवस्था. सनचे जॉन गेज यांचे १९८४ पासूनचे घोषवाक्य नेटवर्क हाच संगणक असे. दोन्ही एकाच वस्तूबद्दल आहेत.

डिस्कविना यंत्रांचा काळ कशाने संपला, याची कारणे रंजक नाहीत. डिस्क स्वस्त झाल्या. १९९० नंतर टेबलावरच्या यंत्रात शे-दोनशे मेगाबाइटची डिस्क सहज बसू लागली. शिवाय खिडक्या-चित्रांच्या कार्यक्रमांची भूक वाढली आणि दहा यंत्रांची अदलाबदल एका दहा मेगाबिटच्या तारेला पेलेना. एनएफएसचा आठ किलोबाइटचा एक तुकडा इथरनेटवर सहा पाकिटांत जातो. त्यातले एक हरवले की सहाही पुन्हा. गर्दीच्या वेळी हे गणित फार महागात जाई.

मात्र बूट करण्याची रीत मेली नाही. रार्पची हाळी राउटरपलीकडे जात नसे. म्हणून बिल क्रॉफ्ट आणि जॉन गिलमोर यांनी सप्टेंबर १९८५ मध्ये बूटपी मांडली. पत्ता आणि फाईलचे नाव दोन्ही एकाच उत्तरात, आणि निरोप पुढे पोचवण्याची सोय. १९९३ मध्ये राल्फ ड्रॉम्स यांनी तिच्यावर डीएचसीपी बांधली आणि पाकिटाचा साचा तोच ठेवला. आज तुमचा मोबाइल घरच्या वायफायला जोडला जातो तेव्हा तो याच साच्यात पत्ता मागतो. त्या पाकिटात सर्व्हरच्या नावासाठी ६४ बाइट आणि बूट फाईलच्या नावासाठी १२८ बाइटची जागा अजून आहे. मोबाइलला तिचा काही उपयोग नाही, त्यामुळे ती बहुधा रिकामीच जाते. माणसाच्या पोटातल्या आंत्रपुच्छासारखी. मोठमोठ्या संगणककेंद्रांत मात्र हजारो यंत्रे आजही त्याच जागेत उत्तर घेऊन उठतात. इंटेलची पीएक्सई ही १९९९ ची नियमावली डीएचसीपी आणि टीएफटीपी यांच्याच खांद्यावर चढलेली आहे.

पुण्यात याचा एक सख्खा नव्हे, पण चुलत भाऊ जन्मला होता. सी-डॅकने १९९१ मध्ये परम ८००० उभा केला, तो इनमॉस कंपनीच्या ट्रान्सप्यूटर चिपांवर. या चिपेला दुव्यावरून बूट होता येई. शेजाऱ्याकडून आलेला पहिला बाइट शून्य किंवा एक नसेल, तर तो आकडा म्हणजे येणाऱ्या कार्यक्रमाची लांबी असे ती धरे, तेवढे बाइट घेई आणि चालू लागे. मग तिने पुढच्या शेजाऱ्याला जागे करायचे. नाव नाही, पत्ता नाही, ‘कोऽहं’ही नाही. शेजाऱ्याने हलवले की उठायचे.

आता माझ्या टेबलावरच्या एसएलसीकडे. मेलेल्या बॅटरीच्या चिपवर कारखान्याने चिकटवलेली पट्टी असते, तिच्यावर क्रमांकाचे शेवटचे तीन आकडे छापलेले असतात. पट्टी पिवळी पडली होती, पण भिंगातून वाचता आली. प्रयोगशाळेतल्या दहाही यंत्रांचे क्रमांक माझ्या जुन्या वहीत होते. या विषयावर माझ्याकडे उरलेला कागद तेवढाच. स्वतःजवळ काही न ठेवणाऱ्या यंत्रांचा इतिहास शोधणाऱ्याला याहून जास्त मिळत नाही. सर्व्हर भंगारात गेला की दहा यंत्रांचे सारे आयुष्य त्याच्याबरोबर जाते. मी वही काढली, एकेक ओळ बोटाने तपासली, दोनदा. यंत्र आमच्यातले नव्हते.

पट्टीवरचे आकडे मी हाताने परत भरले. लॅपटॉपवर रार्प, टीएफटीपी, बूटपॅराम आणि एनएफएस या चारही सेवा लावल्या. सनओएसची मूळ प्रत नव्हती, म्हणून या यंत्रावर चालणारे नेटबीएसडी घेतले. पहिले दोन दिवस पडद्यावर ‘रार्प पाकिटाची वाट पाहून वेळ संपली’ एवढेच उमटत राहिले. चूक माझी होती, यादीत एक आकडा उलटा लिहिला होता. तिसऱ्या रात्री कोपऱ्यात सोळाच्या पटीतला आकडा चढू लागला. मग यंत्राने मी कोण हे विचारले. यादीत मी ‘पवना’ लिहून ठेवले होते, ते नाव त्या दहांत नव्हते. पडद्यावर ‘पवना’ उमटले, आणि पुढे लॉगिन, आणि लुकलुकणारा चौकोन.

बायकोने स्वयंपाकघरातून विचारले, झाला का सुरू तुमचा टीव्ही?